तिजानीची चुन्याची टोपली

मेहुण्याची झाडं दिसली की तिजानीच्या पोटात भट्टी पेटायची.

सफाक्स शहराबाहेरच्या माळावर जमीन होती सी ताहर मालकाची. तिथला रिवाज असा की लावणाऱ्यानं ऑलिव्ह लावायचं, जगवायचं. सातव्या वर्षी झाडं मोहरली तर अर्धी जमीन त्याची, नाहीतर हात हलवत घरी. तिजानी आणि मेहुणा खमैस यांनी एकाच हिवाळ्यात रोपं लावली. खमैसला मिळू नये म्हणून सडकेकडचा तुकडा तिजानीनं भांडून घेतला, आणि पुढं त्याच सडकेला चुन्याची भट्टी लागली.

सहावं वर्ष सरत आलं. खमैसची झाडं छातीला लागली होती. तिजानीची कमरेलाच खुंटलेली, भट्टीचा चुना बसून मढ्यासारखी पांढरी.

तिजानीची सख्खी बहीण मन्नूबिया नवऱ्याच्या झाडांचं पान न् पान फडक्यानं पुसायची.

"काय गं, तोंडं पुसतीस व्हय? काजळ बी घाल की!" तिजानी कुंपणावरनं हिणवायचा.

"दादा, पान उन्हावर जगतं. तोंडाला चुना थापल्यावर त्यानं ऊन खायचं कसं?"

"नवऱ्यानं पढवलेलं दिसतंय!"

खमैसचं शहाणपण म्हटल्यावर ते करणं आलंच नाही. त्यापेक्षा त्याचीच झाडं पांढरी करू, असं तिजानीनं ठरवलं. भट्टीवर चुना मागितला तर बोभाटा होणार. मग आपल्याच झाडांखाली टोपली धरून पान न् पान खरवडून पुसलं. दुपारी सगळे पेंगले की तो चुना खमैसच्या झाडांवर उधळला. मन्नूबियानं दुसऱ्या दिवशी पुसून काढला. यानं पुन्हा टोपली भरली. बोटं चुन्यानं फुटली, पण हिवाळाभर गडी हटला नाही.

वसंतात एकदा टोपली घेऊन आपल्या झाडांकडं गेला, तर फांदीवर पांढरं दिसलं. चुना म्हणून अंगठ्यानं पुसायला गेला आणि थबकला. कळ्या होत्या.

सी ताहर आला, दोन्हीकडं फिरला, म्हणाला, "तिजानी, अर्धी तुझी. एवढ्यात कशी रं सावरली झाडं?"

तिजानीनं फुटलेली बोटं पाठीमागं लपवली.

"सांग की दादा," मन्नूबिया कुंपणापलीकडनं ओरडली, "का टोपली दाखवू?"

तिजानीनं मान खाली घातली. पण डोळे तिरपे कुंपणापलीकडंच होते. खमैसचा मोहर जरा दाटच होता.