खालाने न सोडलेला माणूस

खाला कोणाशी भांडत नसे. भांडण हे तिच्या मते उतावळ्या माणसांचं काम. कोणी तिचा अपमान केला, की ती डोक्यावरची ओढणी सारखी करायची, "बरं हां" म्हणायची आणि निघून जायची. ते "बरं हां" ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांची मला आजही दया येत नाही.

खाला म्हणजे मावशी; लहानथोर सगळे तिला तेच म्हणत. ती रत्नागिरीकडची. तिचे यजमान उस्मानभाई यांचा ओमानात, मस्कतजवळच्या बरका गावी मासळीचा धंदा. अर्बाब, म्हणजे कागदोपत्री मालक, ओमानी; राबणं यांचं. बाजारातून माल उचलायचा आणि मस्कतच्या हॉटेलांना पोचवायचा. बाजार उस्मानभाईंना सलाम करायचा, पण भाव खालाला विचारायचा. आमची ओळख मुलांच्या शाळेतली. तिची नाझनीन आणि माझा मुलगा एका वर्गात. मी मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस या साहेबी वस्तीत राहते आणि तिथल्याच एका दवाखान्याचा कारभार बघते. आमच्या वस्तीतले लोक आणि बरक्याचे लोक एरवी एकमेकांकडे जात-येत नाहीत. खाला मात्र पहिल्याच पालकसभेनंतर सुरमई घेऊन दारात उभी राहिली. "साफ करून आणलीय गो बाय. तुझ्या सिंकला वास नको."

तिची पद्धत मला लवकरच कळली. सहम गावच्या एका मासळीच्या व्यापाऱ्याने तिला शिळी पापलेटं दिली आणि वर "बायकांना मासळीतलं काय कळतं?" असंही ऐकवलं. खाला म्हणाली, "बरं हां." पुढे त्याच्या मुलाचं लग्न निघालं. खाला चांगला आहेर घेऊन गेली, पोटभर जेवली आणि मासळीच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी भरलेल्या मांडवात मोठ्याने म्हणाली, "मटण झकास झालंय हो! मासळी केली नाय, ते लय बरं केलंत." परतताना गाडीत ती मला म्हणाली, "सूड कच्चा खाऊ नये, बाय. पोटात दुखतं."

नाझनीन बारावीला गेली तेव्हा तिला समुद्रशास्त्र शिकायचं होतं. मस्कतच्या मराठी पालकांत तेव्हा 'करिअर सर' म्हणून एक गृहस्थ प्रसिद्ध होते. मुलांना परदेशी पाठवायचं त्यांचं ऑफिस होतं. हॉटेलचा हॉल घ्यायचे, चहा-समोसा द्यायचे आणि पडद्यावर युनिव्हर्सिट्या दाखवायचे. त्या शनिवारी ऑस्ट्रेलियातली एक नामांकित युनिव्हर्सिटी होती. तिचं नाव मी लिहीत नाही, तिला माझ्या जाहिरातीची गरज नाही. दगडी कमानी, जांभळ्या फुलांची झाडं, नदीकाठचं ग्रंथालय. आणि दर दोन वाक्यांनी, "संशोधनात अग्रगण्य".

खालाने हात वर केला. "सर, आमच्या पोरीला समुद्राचं शिकायचंय. तिथं शिकवतात?"

सर हसले. आधी त्यांनी हॉलकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "खाला, ही रिसर्च युनिव्हर्सिटी आहे. मासळी विकायला रिसर्च लागत नाही."

हॉल हसला. नाझनीनने मान खाली घातली ती गाडीत बसेपर्यंत वर केली नाही. सरांनी वर सल्ला दिला, की मुलीला मॅनेजमेंटच्या डिप्लोमाला घाला, आमच्याकडे एक छान कॉलेज आहे. ते कॉलेज म्हणजे एका इमारतीचे दोन मजले होते, आणि तिथे मुलं धाडली की सरांना कमिशन मिळे. हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं.

"बरं हां," खाला म्हणाली.

घरी वेगळंच वाढून ठेवलं होतं. उस्मानभाईंना हॉलमधलं हसणं झोंबलं. "खलास! आपलं हसं झालं. पोरगी रत्नागिरीला जाऊन बी.कॉम. करंल, मग लग्न." त्यांचा शब्द शेवटचा असे. खालाने फक्त जून संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर ऑस्ट्रेलियाचं काही जमलं नाही, तर ती पुन्हा तोंड उघडणार नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली. "इंग्रजी तू वाच, मी ऐकते. आधी पोरीचं काम. त्याचं नंतर."

मग दर शनिवारी ती तळलेले बांगडे घेऊन यायची आणि मी त्या युनिव्हर्सिटीची वेबसाइट मराठीतून वाचून दाखवायची. नाझनीन शेजारी बसून इंग्रजीत ईमेल लिहायची. रिसर्च युनिव्हर्सिटी म्हणजे काय, हा खालाचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "शिकवणारे लोक स्वतः नवीन शोधूनही काढतात." ती म्हणाली, "म्हणजे नुसता दुकानात बसणारा नाय. समुद्रात जाणारा." याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

तिला कमानींत रस नव्हता. मोठा प्रोफेसर पहिल्या वर्षाच्या पोरीला दिसतो तरी का, हे तिला हवं होतं. आम्ही विचारलं. उत्तर आलं, की व्याख्यानं प्रोफेसर देतात, पण छोट्या गटांचे वर्ग बऱ्याचदा पीएच.डी. करणारी मुलं घेतात. "खरं बोलले. आवडले मला," खाला म्हणाली. तीन वर्षांच्या पदवीनंतर चांगल्या मुलांना एक वर्ष निव्वळ संशोधनाला मिळतं, हे तिला फार पटलं. आवारातल्या वसतिगृहाचा खर्च ऐकून तिने ते तिथल्या तिथे खोडलं आणि मुलींनी मिळून घेतलेल्या घराची चौकशी सुरू केली. तिथलं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, पण जुलैतही प्रवेश मिळतो, म्हणजे आपला मे महिन्यातला रिझल्ट चालतो, हेही तिनेच खोदून काढलं. सर पालकांना फेब्रुवारी दाखवून घाबरवत आणि मधल्या काळासाठी डिप्लोमा गळ्यात मारत. सगळ्यात मोठा शोध म्हणजे अर्ज थेट करता येतो, मध्ये कोणी लागत नाही.

"मग हा माणूस कशाला हाय?" खालाने विचारलं.

"चहा-समोसा द्यायला," मी म्हटलं.

रिझल्टनंतर प्रवेशाचं पत्र आलं, शिवाय फीचा काही भाग माफ. उस्मानभाईंनी ते नाझनीनकडून वाचून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "यल्ला, चला, पासपोर्ट बघा कुठाय." बी.कॉम.चा विषय पुन्हा निघाला नाही. जुलैत नाझनीन गेली.

आणि पुढच्या सीझनला करिअर सरांच्या हॉलबाहेर फ्लेक्स लागला. वर नाझनीनचा फोटो, खाली 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. फोटो शाळेच्या फेसबुकवरून उचललेला. माझं डोकं फिरलं. मी तक्रार लिहायला बसले, तर खाला म्हणाली, "ठेव ते. आता शिजलं." तिने सरांना फोन लावला. आवाजात अशी साखर, की मीच क्षणभर फसले. "सर, पोरीचा फोटो लावलात, उपकार झाले. मी येऊन पालकांशी दोन शब्द बोलू काय?"

सरांना आनंद झाला. बरक्याची मासळीवाली, मुलगी ऑस्ट्रेलियात. याहून मोठी जाहिरात कोणती?

खाला स्टेजवर चढली आणि तिने ती युनिव्हर्सिटी सांगायला सुरुवात केली. फी, घरभाडं, जुलै-फेब्रुवारी, छोटे वर्ग कोण घेतं, काम किती तास करता येतं, नमाजाला जागा कुठे. पालक वह्या काढून लिहू लागले. सर कडेला मान डोलावत उभे. शेवटी ती त्यांच्याकडे वळली. "आता सर सांगतील, माझ्या पोरीचा कोर्स कुठला ते. ॲडमिशन त्यांनीच केलं ना!"

सरांनी तोंड उघडलं. "म्हणजे... सायन्सच."

"कसलं सायन्स?"

सर पडद्याकडे बघू लागले.

"आठवत नाय? मग मी आठवण देते. तुम्ही ह्याच हॉलात बोलला होता, मासळी विकायला रिसर्च लागत नाय. अर्ज आम्ही घरात बसून केला. ज्यांना करायचाय त्यांनी बरक्याला या. मी बांगडे पण देईन."

यावेळीही हॉल हसला, पण सरांकडे बघून. मी कोणापेक्षाही जास्त वेळ हसले.

सर पार्किंगपर्यंत धावत आले. "खाला, तेव्हा गंमत केली होती हो. सॉरी बोलतो. आता मिटवा."

"सॉरी मला नाय. पोरीला. आणि जेवढे हसले तेवढ्यांच्या पुढ्यात."

ते त्यांना जमलं नाही. त्यांनी ऑफिसच बंद केलं आणि ओमानच्या दुसऱ्या टोकाला, सलालाला गेले. खालाच्या घरी मात्र शनिवारी पालकांची रीघ लागली. किती मुलं तिच्या ओट्यावरून पुढे गेली, ते मी मोजलं नाही. त्यांतलं एकही त्या दोन मजल्यांत गेलं नाही, एवढं मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी उस्मानभाईंचा गुडघा गेला आणि दोघं कायमची रत्नागिरीला परतली. विमानतळावर आम्ही रडलो नाही. तिने मला मसाल्याचं माप पुन्हा एकदा सांगितलं आणि ती आत गेली. शनिवार मला अजून रिकामे जातात. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर ती वाचून हसेल.

परवा कळलं, की करिअर सर मस्कतला परतलेत. नाव नवीन, हॉल नवीन, युनिव्हर्सिटी तीच. मी रत्नागिरीला फोन केला. म्हटलं, "खाला, आता सोडून दे. किती वर्षं झाली!"

मग ती म्हणाली, "माझं झालं गो. पोरीचं बाकी हाय. नाझनीन पुढच्या आठवड्यात सुट्टीला निघतेय, मस्कतला उतरून येईल. दोन दिवस तुझ्याकडे राहील. तिला त्या हॉलचा पत्ता पाठव."

मी पत्ता पाठवला आणि पाहुण्यांच्या खोलीतली चादर बदलली.