गडगा सरकवणारे रघुआबा

शेजारचे रघुआबा रोज सकाळी राखुंडीने दात घासत आमच्या दोन परसांमधल्या गडग्याच्या कडेने फिरायचे. गडगा म्हणजे नुसते दगडावर दगड रचलेले. गुरं अंग घासून गेली की दोन-चार खाली यायचे. आबा ते उचलून परत लावायचे. फक्त प्रत्येक दगड आधी होता त्यापेक्षा बोटभर आमच्या बाजूला लावायचे. लग्न होऊन रत्नागिरीला आल्यापासून मी हे बघत होते. सासूबाई म्हणायच्या, त्यांच्याशी बोलू नको, दमशील. मी बोलले. आबा शांतपणे म्हणाले, "सूनबाय, दगड म्हातारा झाला की कलंडतो, माणसासारखाच. तो तुझ्याकडे कलंडला त्यात माझा काय गुन्हा?"

बाकी माणूस गुणी. बायको गेल्यावर एकटेच राहायचे, मुलगा मुंबईला. बांगडे ताजे मिळाले की निम्मे गडग्यावर ठेवून हाक मारायचे, "मांजराच्या आधी उचल गो." आमच्याकडचं ताक त्यांना चालायचं, सल्ला चालायचा नाही.

मी फणसपोळीचा धंदा सुरू केला आणि गडग्याचा प्रश्न पोटापर्यंत आला. परसात पोळीची ताटं वाळत घालायची आणि पडक्या गडग्यातून गाय आत येऊन ती चाटून जायची. एका दुपारी निम्मा माल गायीच्या पोटात गेला. तेव्हाच ठरवलं, पुढच्या फणसाआधी इथे चिऱ्याची पक्की भिंत. नाहीतर धंदा बंद.

आबांनी गवंड्याला पहिल्याच दिवशी परत पाठवलं. खरी हद्द गडग्याच्याही पुढे, आमच्या पेरूपर्यंत आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यात विजेची वायर. खांबावरून आबांच्या घरी जाणारी वायर आमच्या परसावर इतकी लोंबत होती की तिला बांबूचा टेकू दिला होता. वायरमन म्हणाला, ही उंच केल्याशिवाय खाली भिंत बांधू नका, आणि अर्ज ज्याचं कनेक्शन त्यानेच करायचा. मी आबांकडे गेले. ते सही करेनात. वायर तुमच्या परसावरून जाते, तेव्हा तुमचं तुम्ही बघा, म्हणाले.

"कालपर्यंत ती जागा तुमची होती ना?" मी विचारलं.

"जमीन माझीच," आबा म्हणाले. "वरची हवा तुमची."

शेवटी मी सरकारी मोजणी मागवली. आबांनी मोजणीदाराला कोकम सरबत पाजलं आणि घराण्याचा इतिहास ऐकवला. हद्दीचा जुना दगड काही सापडेना. आमच्या बाजूला नव्हता, गडग्यात नव्हता. फीत आबांच्या परसात शिरली आणि गडग्यापासून हातभर आत, राखणदारापाशी जाऊन थांबली. राखणदार म्हणजे शेंदूर फासलेला दगड. तो जागेची राखण करतो म्हणून आबा वर्षातून एकदा त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे वर्षाचं मागणं मोठ्याने मागायचे. मोजणीदाराने आबांची परवानगी घेऊन माथ्यावरचा शेंदूर जरा खरवडला. खाली छिन्नीने कोरलेली फुली होती, हद्दीच्या दगडावर असते तशी. दगड कशाचा, हे वाडवडील विसरले होते आणि पूजा चालू राहिली होती. आबांनी गडगा सरकवला, पण राखणदाराला हात लावायची त्यांची छाती नव्हती. तो जागच्या जागी राहिला, आणि आबांनी लाटलेली हातभर रुंद पट्टी उघडी पडली.

मी भांडणाच्या तयारीने पदर खोचून उभी होते. आबांनी चपला काढल्या आणि दगडाला हात जोडले.

"कागदाशी भांडलो असतो गो," ते म्हणाले. "ह्याच्याशी कसा भांडू? जागा सांभाळ म्हणून दर वर्षी मीच सांगतो त्याला."

दुसऱ्या दिवशी ते अर्जावर सही करून गेले. वायर वर गेली, फणसाआधी भिंत झाली. राखणदारापाशी ती थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते. त्या फटीतून गाय येत नाही, बांगडे मात्र येत राहिले.

पुढे आबांचे गुडघे गेले. त्या वर्षी खुर्ची टाकून बसले आणि गाऱ्हाणं मला घालायला लावलं. ते सांगणार, मी म्हणणार. मुलाला सुखी ठेव, गुरांना सांभाळ, सूनबायच्या पोळीवर पाऊस पाडू नको. मग म्हणाले, "आणि म्हाराजा, जमलं तर हातभर तिच्या बाजूला सरक."

मी नारळ फोडून मोकळी झाले.

"शेवटचं ऱ्हायलं."

"आबा, मी नाही असलं काही करणार."

"तुला कोण करायला सांगतोय? त्याला सांग म्हटलं."

त्या पावसाळ्यात आबा गेले. मुलगा अधूनमधून येतो, घर झाडतो, जातो. नारळ आता मी ठेवते. आबांनी सांगितलं होतं तसं सगळं गाऱ्हाणं घालते, शेवटचं मागणंसुद्धा. मग दगड जागेवर आहे ना, तेवढं बघून घेते.