मामाची बिनआवाजाची भिंत

माझ्या मामाचं प्रत्येक गोष्टीवर मत आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त मतं चुकीची आहेत. हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. तो म्हणाला, "हे तुझं मत झालं."

मामा टीव्ही विकतो. मोठ्या रस्त्यावर विजेच्या वस्तूंचं दुकान आहे. दारापाशी मोबाइल, मग मिक्सर आणि इस्त्र्या, मग फ्रिजची रांग, आणि अगदी आत, जिथे रस्त्यावरचं ऊन पोचत नाही, तिथे मामाचा विभाग. एक अख्खी भिंत टीव्हींची. सगळे चालू, सगळ्यांवर एकच चित्र, आणि आवाज सगळ्यांचा बंद. हा नियम मालकांचा. एवढे टीव्ही एकदम बोलायला लागले तर मोबाइलवाल्या मुलीला गिऱ्हाईक काय म्हणतंय तेच कळायचं नाही. कुणी घ्यायच्या बेतात आलं, तर तेवढ्यापुरता एकाचा आवाज उघडायचा आणि लगेच बंद करायचा. त्यामुळे वर्षानुवर्षं माझा मामा जगाकडे बिनआवाजाचा बघत आला आहे. घरी त्याच्याकडे टीव्ही आहे, पण त्याला आवाज असतो, आणि आवाज कानावर पडला की मामाला खुर्चीतच झोप लागते. त्याच्या घोरण्याच्या वरताण मालिका लावताना मामीच्या नाकी नऊ येतात.

आता अशा माणसाची मतं कुठून येणार? हातांवरून, खांद्यांवरून, पाण्याच्या ग्लासावरून. निवडणुकीच्या दिवसांत एका पुढाऱ्याची सभा भिंतभर चालू होती. मामा मला म्हणाला, "हा पडणार. पाणी पिताना सुद्धा लोकांकडे बघतोय. घाबरलाय बिचारा." तो बिचारा प्रचंड मतांनी निवडून आला. मामाचं मत काही बदललं नाही. "निवडून आला म्हणून काय झालं? घाबरलेला आहेच," म्हणाला.

गाण्यांबद्दल त्याचं म्हणणं, की हल्ली चाली एकसारख्या झाल्यात. मी विचारलं, तू ऐकतोस कधी? तर म्हणे, "नाचतात त्यावरून कळतं. सगळे आपले लादी पुसल्यासारखे पाय घासतात." रिमोटवर पाचच बटणं असावीत, बाकीची कंपनीनं आपल्या हौसेखातर बसवलेली असतात. टीव्ही दर वर्षी मोठे होतात आणि घरं दर वर्षी लहान, तेव्हा एक दिवस माणसं टीव्ही घरात ठेवून स्वतः बाहेर बसतील. आणि गिऱ्हाइकांविषयी तर त्याला विचारूच नये. लोक येतात, टीव्हीला हात लावून बघतात, त्याच्याकडून सगळं समजावून घेतात, किमतीचा फोटो काढतात आणि घरी जाऊन मोबाइलवरून दुसरीकडे मागवतात. मी असते तर पायातली चप्पल काढली असती. मामा म्हणतो, "बघायला तरी येतात ना. माणूस बघायला येतो तोवर दुकान चालू आहे असं समजायचं."

मला त्या दुकानातली दुपार फार आवडते. तिथे एक सोफा आहे, किती लांबून टीव्ही कसा दिसेल ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून ठेवलेला. दुपारी गिऱ्हाईक नसतं, आणि त्या सोफ्यावर बसलं की वेळ कुठे जातो ते समजत नाही. भिंतीवर मासे पोहत असतात. एकच मासा सगळ्या चौकोनांतून एकदम वळतो, एकात पिवळसर, एकात निळा, एकात जरा आजारी. मग एखादी बाई रडते, आणि तीस बायका आवाज न करता रडतात. फ्रिज मागे हलकेच गुणगुणत असतात. आपण जागे आहोत की नाही याची खात्री वाटेनाशी होते, आणि ती करून घ्यावी असंही वाटत नाही. मामा बाजूला उभा राहून फडक्यानं काचा पुसत असतो. पुढाऱ्याचं नाक पुसतो, नटीची हनुवटी पुसतो, पुढच्या टीव्हीकडे जातो.

खरं तर मतांचं हे घराणं आईपासून सुरू होतं. आई मामाची मोठी बहीण. ती जेवायला बसली की आमच्या टेबलावर मतांची आतषबाजी व्हायची. महापौर, जाहिराती, शेजारच्यांचा नवा पडदा, मालिकेतल्या नायिकेची भुवई, तिच्या तावडीतून कुणी सुटायचं नाही. मामा जेवायला असला तर दोघं असे भांडायचे की बाबा ताट उचलून स्वयंपाकघरात जायचे.

मग आईचे कान गेले. एकदम गेले नाहीत. आधी फोन, मग दाराची बेल, मग मागून बोललेलं, मग समोरून बोललेलं. कानात घालायचं यंत्र आणलं. ते घातलं की भांड्यांची मांडणी अंगावर कोसळल्यासारखं होतं, म्हणाली. चमच्याचा आवाज माणसाच्या आवाजापेक्षा मोठा. काही दिवस तिनं नेटानं घातलं, आणि मग ते डबीत गेलं, डबी कपाटात.

पण कानांनी आईला गप्प केलं नाही. गप्प केलं ते दोन शब्दांनी. जेवताना दादा काहीतरी सांगायचा, आम्ही हसायचो. आई विचारायची, "काय झालं?" आणि आमच्यापैकी कुणीतरी, तोंडातला घास न थांबवता, तिला म्हणायचं, "काही नाही गं." परत सगळं मोठ्यानं सांगायचा कंटाळा, दुसरं काही नाही. तेवढ्यात विषय पुढे गेलेला असायचा. पुढे पुढे ती विचारेनाशी झाली. आम्ही हसलो की तीही हसायची, कधी बरोबर जागी, कधी चुकीच्या. मग हसेनाशी झाली. डॉक्टरांकडे बाबाच तिच्या वतीनं बोलायचे. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि बाबांना म्हणाले, "यांच्याशी बोलत राहा. माणूस असा आत आत जात राहिला की त्याला परत बाहेर आणणं अवघड होतं." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. घरी आलो, जेवायला बसलो, आणि दादानं डॉक्टरांची नक्कल केली. आम्ही हसलो. आईनं काहीच विचारलं नाही. ती भाजीचा वाडगा पुसत होती, तो आधीच पुसलेला होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. आपली आई इथे बसल्या बसल्या निघून चालली आहे असं वाटलं.

मी मामाला सगळं सांगितलं. या वेळी त्यानं मत दिलं नाही. हातातलं फडकं दोनदा झटकलं आणि म्हणाला, "तिला दुपारची घेऊन ये."

नवा टीव्ही बघायला जाऊ असं सांगून मी आईला नेलं. ती फ्रिजच्या रांगेतून माझा हात धरून चालत आली, आणि ती भिंत बघून थबकली. मामानं तिला सोफ्यावर बसवलं. मग स्वतः समोर स्टुलावर, तिच्याकडे तोंड करून, पाठ भिंतीकडे. गिऱ्हाइकाशी तो असाच बोलतो, तोंडाकडे बघून, शब्द सुटे सुटे करून.

दुपारी जुन्या मालिका परत दाखवतात. त्या दिवशी डॉक्टरांच्या कुटुंबाची ती लांबलचक मालिका चालू होती. कान चांगले होते तेव्हा आई तिच्यात आकंठ बुडालेली असायची. मामानं मान मागे वळवली, पडद्याकडे बघितलं, परत आईकडे वळला आणि गोष्ट सांगायला लागला. "ही हिरव्या कपड्यातली, डॉक्टरची बायको. नवरा हिला विचारत नाही. म्हणून ही उशी फेकते. तो दाढीवाला म्हातारा चोर आहे. घरात शिरलाय. कपाट बघतोय."

आईच्या कपाळावर आठी आली. तिनं पडद्याकडे बघितलं, मामाच्या ओठांकडे बघितलं.

"आता ही बायको चोराला जेवायला वाढतेय," मामा म्हणाला. "म्हणजे ही त्याला सामील आहे."

आईनं मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. मला हे लक्षण माहीत होतं, कितीतरी महिन्यांत दिसलं नव्हतं.

"आणि तो नवरा..."

"बायको कसली डोंबलाची!" आई ओरडली. आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नव्हतं. सगळं दुकान वळून बघायला लागलं. "बहीण आहे ती त्याची! आणि चोर कुणाला म्हणतोस? बाप आहे तो त्यांचा! त्याला विसर पडलाय, आपलंच घर ओळखू येत नाहीये त्याला. धाकट्या, तुला काही म्हणजे काही कळत नाही!"

"बहीण?" मामा म्हणाला. "मग तो तिच्याकडे असा का बघतो?"

"अरे, त्याला अभिनय येत नाही म्हणून!"

लांबून मोबाइलवाली मुलगी खळखळून हसली. आईला ऐकू आलं नाही, पण दिसलं. तिचा चेहरा एकदम पडला. "का हसली ती?" असं तिनं अगदी हळू विचारलं, आणि लगेच नजर मांडीकडे वळवली, उत्तर माहीत असल्यासारखी. माझ्या ओठांवर ते दोन शब्द आलेच होते, सवयीनं. मी ते गिळले.

मामा उठला. मिक्सरच्या पलीकडे, पार दारापर्यंत चालत गेला. त्या मुलीशी बोलला. तितक्याच सावकाश परत आला, आईसमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "ती म्हणते, बाई म्हणतात ते खरं आहे. त्याला अभिनय येत नाही. तिच्या आईचंही हेच मत आहे."

आईनं दाराकडे बघितलं. मुलीनं तिथून हात हलवला. आईनंही हलवला. मग मामाकडे वळून म्हणाली, "पुढे बघ आता. आणि तोंड मिटून बघ."

मालिका संपली, बातम्या लागल्या. भिंतभर पुढारी आले, तीस तोंडं एकदम उघडली आणि मिटली. बहीणभाऊ आता सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसले. "पाणी मागवलं बघ," मामा म्हणाला. "घाबरलाय." आई म्हणाली, "घाबरला नाही, सर्दी झालीय. बायकोनं बजावलं होतं, मफलर घे." दोघांचीही मतं चुकीची असणार याबद्दल मला खात्री होती. मी बाजूला उभी होते आणि मला रडू येत होतं. त्या निळ्या उजेडात ते कुणाला दिसलं नाही, बरं झालं.

त्यानंतर आई दर आठवड्याला दुपारी तिथे जायला लागली. सोफा तिचाच झाला. कधी एखादं गिऱ्हाईक शेजारी टेकलं तर तिची मतं फुकटात मिळायची. "तो कोपऱ्यातला घेऊ नका, त्यात सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते," असं तिनं एका माणसाला सांगितलं. तो त्या कोपऱ्यातल्याचेच पैसे द्यायला निघाला होता. मालकांनी मामाला आत बोलावून झापलं. मामा बाहेर आला आणि आईला म्हणाला, "मालक म्हणतात, तुमच्या बहिणीची नजर चांगली आहे."

मी एकदा त्याला एकटं गाठून विचारलं, "खरं सांग. ती बहीण आहे हे तुला माहीत होतं ना?"

मामानं माशाच्या डोळ्यावरची धूळ पुसली. "मला अजूनही ती बायकोच वाटते," म्हणाला.

परवा रविवारी मामा आणि मामी आमच्याकडे जेवायला आले. जेवण झाल्यावर बाबांनी बातम्या लावल्या, मामाच्या पापण्या जड व्हायला लागल्या. आई स्वयंपाकघरातून आली, बाबांच्या हातातला रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

"अगं, निकालावर चर्चा चाललीय!" बाबा म्हणाले.

"बघा की मग," आई म्हणाली. "आवाज कशाला पाहिजे?"

मामा टक्क जागा झाला. बाबा कुरकुरत बसून राहिले. आम्हीही बसलो. दिवा कुणी लावला नव्हता, खोलीत पडद्याचा तेवढा उजेड. पाच-सहा माणसं एकाच वेळी तावातावानं बोलत होती आणि घरात कमालीची शांतता होती. पंख्याचा आवाज येत होता, मामीच्या बांगडीचा येत होता. सगळे हळूहळू कुठेतरी पाण्याखाली उतरत आहोत असं वाटत होतं.

आणि अचानक आई हसली. एकटीच, स्वतःशी, खांदे हलेपर्यंत.

दादानं पडद्याकडे बघितलं. त्याला काही दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. मामाला दिसलं असावं, कारण तो ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होता.

"काय झालं गं?" दादानं विचारलं. तिचा हात हलवून, तिच्यासमोर तोंड नेऊन परत विचारलं, "काय झालं?"

आईनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"काही नाही रे," ती म्हणाली.

दादाचा हात तिच्या हातावर तसाच राहिला. बाबा पडद्याकडे बघायचे थांबले आणि आपल्या पायांकडे बघायला लागले. आईनं आम्हाला तसंच ठेवलं, चांगला बराच वेळ. मग तिनं रिमोट मांडीवर ठेवला, पदराशी चाळा करावा तसा त्याच्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि आमच्याकडे वळली.

"इकडे बघा सगळे माझ्याकडे," म्हणाली. "सांगते."