सुपारीच्या खांडाचंही नाही

दारू पकडायची आमच्या आईची एकच पद्धत. धाकटा भाऊ कंपनीतून आला की पाण्याचा तांब्या घेऊन अगदी जवळ जायचं, "दमलास का रे?" विचारायचं आणि तो "नाही" म्हणेपर्यंत वास घेऊन टाकायचा. मी माहेरी असले की लगेच आत येऊन मला डोळ्यानं खुणवायची, बघ, पोरगं कसं सोन्यासारखं आहे.

वास येणार कसा? तो बटन खायचा. आमच्या शहरात गुंगीच्या गोळ्यांना पोरं बटन म्हणतात. गल्लीत कुणी कुणावर चाकू काढला की टपरीवरची माणसं "बटन खाल्लं असंल" म्हणतात आणि चहा पितात, लाइट गेली असंल म्हणावं तितक्या सहज. त्याच्या गाडीच्या डिक्कीत मला रिकामी पाकिटं सापडली, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आईला दाखवली तर ती माझ्यावरच उखडली. "गोळी म्हणजे औषध. शिफ्टपायी झोप उडाली लेकराची. त्याला काय व्यसन म्हणत्यात व्हय?" आबा म्हणाले, "लग्न करून टाकू. बायको आली की येतोय ताळ्यावर." झालं! बायको म्हणजे काय दवाखाना आहे? पण लग्न झालेल्या लेकीचं ऐकतं कोण.

स्थळ आलं खुलताबादकडचं. बघायला गेलो. भावाचा पाय सारखा हलत होता, कपाळ घामेजलेलं, पोह्याची बशी हातात थरथरत होती. मी एकदा त्याच्या हाताकडं बघायची, एकदा मुलीकडं. मुलगी बी.एड. करत होती. मान खाली घालून बसली नव्हती, विचारलं तेवढं नीट सांगत होती, मधेच हसतही होती. मला ती लई आवडली, म्हणूनच मनात आलं, ह्या पोरीला आम्ही कशात ढकलतोय?

तिच्या वडिलांनी विचारलं, "पोराला काही व्यसन?"

आबांनी ठेवणीतलं वाक्य काढलं, "सुपारीच्या खांडाचंही नाही."

मग तिचे वडील उठून भावाशेजारी येऊन बसले. त्याच्या खांद्यावर हात टाकला, तोंडाजवळ तोंड नेलं आणि विचारलं, "ड्युटी कशी असती तुमची?" भाऊ काहीतरी पुटपुटला. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. मग त्यांनी बायकोकडं बघून समाधानानं मान हलवली. अगदी आमच्या आईसारखी.

माझा तोल सुटला. "काका, त्याचा वास येत नसतो. हा नशेच्या गोळ्या खातो."

"अगं ए!" आई ओरडलीच. आबा चप्पल काढायचेच बाकी होते. मुलीच्या आईनं मुलीला हाताला धरून आत नेलं. आता हे लोक आम्हाला हाकलणार असं मला वाटलं, आणि खरं सांगते, हाकललं असतं तर मी सुटले असते. पण तिचे वडील जागचे हलले नाहीत. त्यांचा हात भावाच्या खांद्यावर तसाच होता.

"मग ओळखायचं कसं?" ते म्हणाले. "आमचा थोरला तुमच्याच शहरात खोली करून राहतो. घरी आला की मी असाच जवळ बसवून बघतो त्याला."

मी काय सांगणार? मला तरी कुठं सगळं माहीत होतं.

तेवढ्यात भाऊ बोलला. घरात ह्या विषयावर अवाक्षर न काढलेला माझा भाऊ, बशीकडं बघत म्हणाला, "बोलायला लावायचं, काका. जीभ जड पडती. काय बोलत होतो तेच मधी विसरतो माणूस."

काकांनी खिशातून फोन काढला, पण थोरल्याचा नंबर काही त्यांच्यानं लावला जाईना.

"लावा," भाऊ म्हणाला. "मी ऐकून सांगतो."