लाईन जोडण्याआधी आलेली मेल

इथे लोकांचे अनुभव वाचताना मी आजवर फक्त हसत आलोय. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळ... आमच्या मंडळी म्हणतात, "तुम्ही आरशात बघून घाबरत नाही, तर भुताला काय घाबरणार!" मी कापडाच्या प्रिंटिंग मिलमध्ये कलरमास्तर होतो. रंग बिघडला की त्याचं कारण शोधायचं आणि कारण सापडेपर्यंत मशीन सुरू करायचं नाही, याचाच पगार घेतला आयुष्यभर. तेव्हा माझ्यासारख्याने हे लिहावं, हीच मुळात गंमत आहे. पण एक कारण मला अजून सापडलेलं नाही.

नव्याण्णव साल. आम्ही मूळचे शिरपूरकडचे, पण पोटासाठी सुरतेत. बमरोलीत दोन खोल्यांचं घर – मी, बायको आणि आमची माय. वडील आधीच गेलेले. धाकटा भाऊ संजू परदेशी क्रूझवर केबिन सांभाळायच्या कामाला लागला होता. हॉटेलात ताटं उचलणारा पोरगा एकदम समुद्रावर! आमच्या अख्ख्या चाळीत तोपर्यंत तापीपेक्षा मोठं पाणी कोणी ओलांडलं नव्हतं.

जहाजावरून फोन करणं फार महाग. म्हणून संजूने मेलचा मार्ग काढला. जहाजावर प्रवाशांसाठी एक कॉम्प्युटर रूम होती, तिथला माणूस गोव्याचा, अँटनी नावाचा. दर रविवारी सकाळी रूम उघडण्याआधी तो संजूला एका लॅपटॉपवर बसू द्यायचा. लॅपटॉप टेबलाला साखळीने बांधलेला – आमच्याकडे बोरिंगच्या हापशाला ग्लास बांधतात तसा. इंटरनेट उपग्रहावरून यायचं, मिनिटा-मिनिटाला पैसे. म्हणून पत्र आधी लाईन न जोडताच लिहून ठेवायचं. मग अँटनी लाईन जोडणार, लिहिलेलं झटकन जाणार, आमचं आलेलं लॅपटॉपमध्ये उतरणार, की लगेच लाईन बंद. जहाज जास्त डुललं तर तेवढंही नाही. हे सगळं संजूनेच पत्रातून समजावलं होतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इकडे आम्ही पर्वत पाटियाला जिगरभाईच्या सायबर कॅफेत जायचो. माय हट्टाने बरोबर यायची. मी दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखा एका बोटाने टाईप करायचो, इंग्रजी अक्षरांत अहिराणी. माय शेजारच्या खुर्चीत बसून मॉनिटरकडे बघत मोठ्याने ओरडायची, "संजू, जेवना का रे भाऊ?" लांब आहे ना तो, म्हणून.

जिगरभाई हात जोडायचा, "मासी, धीमे बोलो! आ सांभळतुं नथी."

"तुम्हनं नही सांभळत व्हई," माय त्यालाच सुनवायची. "मन्हा आंडोर सांभळस."

तुमचं यंत्र ऐकत नसेल, माझा मुलगा ऐकतो... यावर जिगरभाई पुन्हा हात जोडायचा.

त्या वर्षी थंडीत, एका शनिवारी सकाळी माय म्हणाली, छातीत जळजळ होतेय. मी म्हटलं, काल भरीत खाल्लंस ना, त्याचं असेल. शिफ्ट करून येतो, मग दवाखान्यात जाऊ. मिलमध्ये एक मोठी ऑर्डर मशीनवर होती. साडेअकराला शेजारचा माणूस बोलवायला आला. मी पोचलो तेव्हा माय गेलेली होती. अंग अजून कोमट होतं.

आता संजूला कसं कळवायचं? जहाज समुद्राच्या मध्यावर, त्याच्या करारातले पाच महिने बाकी. मी शेजारच्या एसटीडीवरून मामाला गावी फोन लावला. मामा रडत रडत म्हणाला, "त्याले आते सांगू नको. चारी मेरे पानी, एकला पोऱ्या... काही करी बसना ते?" आमच्या लोकांत ही रीतच आहे. लांबच्या माणसाला मेल्याची बातमी सरळ देत नाहीत, 'सिरियस आहे, ये' असंच कळवतात. वडील गेले तेव्हा मलाही 'सिरियस' म्हणूनच बोलावलं होतं. पण जो येऊच शकत नाही, त्याला सिरियस तरी कशाला सांगायचं? संजू मायवेडा. मी मनाशी एकच ठरवलं – तो जमिनीवर पाय ठेवेपर्यंत माय जिवंत राहील.

दहावं-बारावं झालं आणि मी कॅफेत जाऊन मायच्या नावाने पत्र लिहिलं. "संजू, जेवना का? मन्हा गुडघा बरा शे." एका बोटाने ठक ठक. जिगरभाई काउंटरवरून बघत होता. तो मायच्या अंत्ययात्रेला कॅफे बंद करून, किल्ली खिशात घालून आला होता. त्याला सगळं माहीत होतं. तो एवढंच म्हणाला, "करो, भाई. पण मारो जीव बळे छे."

संजूचं उत्तर आलं. "माय, मी बरा शे. तू आराम कर." मी सुटकेचा निःश्वास सोडला. अशी सात-आठ पत्रं झाली. मला तर वाटायला लागलं की मी नाटकं लिहायला हवी होती. एकच गोष्ट खटकायची... पूर्वी संजू दर पत्रात मायच्या औषधाचं विचारायचा. आता एकदाही विचारलं नव्हतं.

पाच महिन्यांनी तो आला. मी सकाळी सुरत स्टेशनवर घ्यायला गेलो. रात्रभर वाक्यं पाठ केली होती. पोरगा वाळला होता, एरवी कपाळावर येणारे केस आता आखूड. रिक्षा उधना दरवाजा ओलांडेपर्यंत मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग घसा खाकरून सुरुवात केली, "संजू, माय जरा सिरियस शे. दवाखानामा..."

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नाना, बस. माले माहित शे."

पुढचं सगळं अहिराणीत झालं, तुमच्यासाठी मराठीत लिहितो.

"कोणी सांगितलं? मामाने?"

"मायने."

मला वाटलं पोराचं डोकं फिरलं. त्याने पाकिटातून एक घडी केलेला कागद काढला. म्हणाला, त्या रविवारी जहाज वादळात होतं. दोन दिवस उपग्रह लागत नव्हता. लाईन जोडणं शक्यच नव्हतं, पण पत्र लिहून ठेवू म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. सगळ्यात वर एक नवीन मेल होती. आमच्या पत्त्यावरून. तारीख आदल्या दिवसाची, शनिवारची, वेळ संध्याकाळची. अँटनीने तीनदा तपासलं. शुक्रवारपासून लाईन जोडलीच गेली नव्हती. त्याने गळ्यातला क्रॉस हातात धरूनच ती मेल छापून दिली आणि त्यानंतर त्या लॅपटॉपला स्वतः हात लावला नाही. त्याच दिवशी संजूने जहाजावर डोकं भादरलं. साहेबाची बोलणी खाल्ली, पण कारण सांगितलं नाही.

मी कागद उघडला. इंग्रजी अक्षरं, पण ओळी मायच्या.

"संजू, मी गऊ रे भाऊ. माहेरनं लुगडं उनं नही. नाना खोटं बोलना. त्याले काही बोलजो नको."

रिक्षा चालू होती आणि मी लुगड्याची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. कारण एक गोष्ट मी वर तुम्हालाही सांगितली नाही, लाजेपोटी. आमच्यात बाई गेली की शेवटचं लुगडं तिच्या माहेरचं लागतं. मामा शिरपूरहून वेळेत पोचणं शक्य नव्हतं. जमलेल्या बायका विचारायला लागल्या, माहेरचं लुगडं कुठंय? मी सांगितलं, मामाने दिवाळीतच देऊन ठेवलंय. आणि कपाटातून एक साडी काढून दिली... आमच्या मिलची, छपाई सरकलेली, रिजेक्ट मालातली. घडीवरचा मिलचा शिक्का बायकोने कात्रीने कापून टाकला. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. आमच्या मंडळींना कॉम्प्युटर सोडा, मिक्सरचं बटणही जपून दाबावं लागतं. मी त्या संध्याकाळी स्मशानात होतो. जिगरभाई माझ्या शेजारी उभा होता.

"तर मग माझ्या पत्रांना उत्तरं का देत राहिलास?" मी विचारलं.

"तिने सांगितलं होतं ना, तुला काही बोलायचं नाही." तो बाहेर बघत म्हणाला. "आणि नाना, तुझी पत्रं वाईट नसायची. फक्त माय कधी 'काळजी करू नको' म्हणायची नाही. तू प्रत्येक पत्रात लिहायचास."

नंतर मी जिगरभाईकडून आमचं खातं तपासून घेतलं. पाठवलेल्या पत्रांत ते पत्र नाही. कॉम्प्युटर शिकलेल्या भाच्याला विचारलं, तो म्हणाला सर्व्हरचा घोटाळा असेल. असेलही. पण सर्व्हरला लुगड्याचं कोणी सांगितलं?

आता शेवटचं. त्या दिवशी रिक्षात मी कागद परत देताना नीट पाहिलं. खालचा अर्धा भाग नव्हता. फाटलेला नव्हे... कात्रीने सरळ कापलेला.

"याच्या खाली काय होतं?"

संजूने कागदाची घडी घातली, पाकिटात ठेवली. "ते तुझ्यासाठी नाही, नाना."

आज तो सुरतेतच असतो, आमच्यापासून चार गल्ल्यांवर. दर रविवारी जेवायला येतो, हसतो, माझी टिंगल करतो. त्या शनिवारी सकाळी माय मला काय म्हणाली होती आणि मी काय उत्तर दिलं होतं, हे मी त्याला कधीच सांगितलेलं नाही. त्यानेही कधी विचारलेलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.