पाच टिकल्या

मला जनावरांच्या घाणीची किळस येत नाही. गाभडलेल्या शेळीची वार मी चिमट्याने उचलून डबीत भरते, घरी येऊन आंघोळ करते आणि निवांत पोळीभाजी खाते. मुलगा म्हणतो, "मम्मी, प्लीज, खाने की टेबल पर मत बताया करो." पण नोकरीच ती. सांगलीहून लखनऊला आले, इंदिरा नगरात घर केलं, एवढ्या वर्षांत कधी नाक मुरडलं नाही. खरी किळस आली ती गोमती नगरातल्या एका एसी हॉटेलात, आणि तिथे एकही जनावर नव्हतं.

देशात पुढची काही वर्षं जनावरांच्या कुठल्या रोगांवर संशोधन करायचं ते ठरवायची बैठक होती. पहिले सहा रोग यादीत जाणार, बाकीच्यांनी बसायचं बोंबलत. मी शेळ्यांच्या ब्रुसेलोसिसवर काम करते. या रोगात शेळ्या दिवस भरायच्या आत गाभडतात आणि हाताळणाऱ्या माणसालाही तो लागतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो, सांधे धरतात, आणि आजूबाजूचे डॉक्टर टायफॉइडच्या गोळ्या देत बसतात.

मलिहाबादच्या अलीकडे एका गावात नऊ शेळ्या पाळणारी एक बाई आहे. त्यातल्या चार एका हंगामात गाभडल्या. प्रत्येक वेळी तिने नुसत्या हातांनी मेलेलं पिल्लू ओढून काढलं, कारण तसं करू नकोस हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती तापाने फणफणत खाटेवर पडली होती. तिला मोठ्या दवाखान्यात धाडलं, औषध सुरू झालं. पण तिला स्वतःची फिकीर नव्हती. घरात सून होती, पाचवा महिना, आणि सासू आजारी म्हणून शेळ्यांचं सगळं तीच बघत होती.

"दीदी, कौन-सी खराब है, इतना बता दीजिए," ती म्हणाली. "उसे अलग बाँध दूँगी."

एवढंच मागणं. आणि मला ते सांगता येईना. दारात उभं राहून खात्रीने सांगता येईल अशी तपासणी माझ्याकडे नव्हती. रक्त लॅबला जायचं, महिन्याने उत्तर यायचं, तेही कधी असं, कधी तसं. अशी तपासणी तयार करायची हाच तर माझा प्रस्ताव होता. मी सुनेला शेळ्यांपासून लांब राहायला बजावलं आणि सासूला म्हटलं, मोठी बैठक आहे, तिथे मी तुमचंच मांडणार. शब्द दिला.

बैठकीत आधी समई, मग शाली, मग स्मृतिचिन्हं. प्रत्येक वक्ता "हमारे किसान भाई" म्हणत होता. त्या भावांपैकी एकालाही कुणी बोलावलं नव्हतं. मोठ्या पडद्यावर जनावरांच्या तोंडातले फोड दाखवत होते आणि खाली मंडळी काजू चघळत होती. मला आतापर्यंत त्याचं काही वाटत नसे. सवय.

दुपारी मतदान. भिंतीवर रोगांची नावं लिहिलेले कागद, आणि प्रत्येक तज्ज्ञाला पाच गोल स्टिकर. जो रोग महत्त्वाचा वाटेल त्याच्यावर चिकटवायचे, हव्या त्या एकावर पाचही चालतील. स्टिकर आलेच नव्हते. आयोजकांनी माणूस पिटाळून बाजारातून बायकांच्या टिकल्यांची पाकिटं आणवली. मोठमोठे डायरेक्टर बोटाच्या टोकावर मरून रंगाच्या टिकल्या घेऊन फिरू लागले. आधी मला हसूच आलं.

मग बाजार सुरू झाला. कोंबड्यांच्या रोगांवर काम करणारे एक पुण्याचे गृहस्थ ताट घेऊन माझ्याजवळ आले.

"मॅडम, आपण मराठी माणसं, सरळच बोलतो. तुमच्या पाचही तुम्ही शेळ्यांना लावल्या, तर झाल्या पाच. पुढे काय? दोन कोंबड्यांना द्या, मी तुम्हाला तीन देतो."

"आणि नाही दिल्यात तर?"

"असं कसं? शब्द म्हणजे शब्द."

मला वाटलं, यात वावगं काय? जगरहाटीच आहे. दोन त्यांना दिल्या. दोन डुकरांच्या तापाला, तिकडूनही तीन कबूल झाल्या. उरलेली एक घोड्यांच्या मोठ्या साहेबांना, तेही तीन देणार होते. पाचाच्या नऊ होणार म्हणून मी खुशीत शाही टुकडा वाढून घेतला. आजूबाजूला सगळीकडे हेच चाललं होतं, तू माझी पाठ खाजव, मी तुझी. एका सद्गृहस्थांच्या बोटाला कबाबचं तूप लागलेलं, टिकली चिकटेना, तर त्यांनी ती चक्क जिभेला लावून भिंतीवर थापली. देशाला रोगराईपासून वाचवणारे हात हे.

मोजणी झाली. शेळ्यांच्या कागदावर तीन टिकल्या होत्या. सहाव्या नंबरच्या रोगाला सात.

तीन आणि माझ्या पाच, आठ. मी दुसरं काहीही न करता, मुकाट्याने जाऊन स्वतःच्या पाच स्वतःच्या कागदावर लावल्या असत्या तर आम्ही यादीत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा. सौदा केलेल्या तिघांपैकी एकानेही शब्द पाळला नव्हता; त्या तीन कुणी लावल्या ते आजवर कळलं नाही. माझ्याशी सौदा न केलेलं कुणीतरी सरळ माणूस असणार.

पुण्याचे गृहस्थ दारात भेटले. "अहो, काय सांगू, ऐन वेळी वरून फोन आला. पुढच्या वेळी नक्की." हसत होते. मला त्यांची शिसारी आली, पण त्यांना शिव्या कुठल्या तोंडाने घालणार? अहवालात लिहिलं गेलं, 'सर्वानुमते'. खाली माझी सही आहे. घरी जाऊन मी तीनदा हात धुतले, आणि रात्री जेवले नाही.

दोन आठवड्यांनी नमुने घ्यायला त्या गावी गेले. बाईचा ताप उतरला होता. सून ओसरीवर भाजी निवडत होती, पोट आता चांगलं दिसू लागलेलं. बाईने पहिला प्रश्न बैठकीचाच केला. सपशेल खोटं बोलायची हिंमत होईना म्हणून मी अर्धं खरं सांगितलं. नंबर लागला नाही. मोठमोठे लोक होते, प्रत्येकाला पाच-पाच बिंदी दिल्या होत्या, त्या लावून ठरलं.

"बिंदी से?" तिला हसू आलं. मग म्हणाली, "तो हमारी वाली को कितनी मिलीं?"

"तीन."

ती शेळीचं दावं सोडत होती. तिचा हात थांबला. वर बघून तिने अगदी साधेपणाने विचारलं, "तीन कैसे, दीदी? पाँच तो आपके ही पास थीं न?"

सुनेनेही मान वर केली. मी पिशवीतून सुई काढली आणि कुठली शेळी आधी धरायची ते विचारलं.