नुसतं ‘हो’ चालणार नाही

आम्रपाली गजभिये आमच्या कॉलेजात आल्या तेव्हा मी त्यांची थट्टा केली होती, हे आधीच सांगून टाकतो. उद्या दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा ते बरं.

साल २००२. हडपसरला उसाच्या शेतांतून काचेच्या इमारती वर येत होत्या, आणि आमच्या प्राचार्यांना एका परिपत्रकातून साक्षात्कार झाला, की मुलांना ‘कम्युनिकेशन स्किल्स’ शिकवली पाहिजेत. त्यासाठी तासिका तत्त्वावर एक बाई नेमल्या. वेळापत्रकात जागा नव्हती म्हणून शेवटच्या वर्षाचे गणिताचे दोन तास काढून त्यांना दिले. गणित शिकवणारा मी, अनंत दामले. बावीस वर्षं तेच करत होतो. माझ्या तासाला हात लावणारं माणूस मला आवडणं शक्यच नव्हतं.

बाई भंडाऱ्याच्या. वडील तिथे कारखान्यात फिटर. इंग्रजीत एम.ए. करून त्या पुण्याला आल्या आणि कसबा पेठेत एक खोली भाड्याने घेऊन राहिल्या. सकाळी शिकवण्या आणि मग पीएमटीच्या बसने हडपसर. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये मी विचारलं, काय चाललंय? त्या म्हणाल्या, “मस्टर भरून राहिली.” तिकडे ‘भरतेय’ला असंच म्हणतात. मी म्हणालो, “भरून राहिलात ना, मग आता उठा. ती खुर्ची माझी आहे.” सगळे हसले. बाई उठल्या, पिशवीतून एक छोटी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. मला वाटलं, तक्रारीचा मसुदा असावा. पुढे कळलं, की लोक जसं बोलतात तसं त्या टिपून ठेवत. बसमधलं, दुकानातलं, आमच्या कॅन्टीनमधलं. परगावी आपल्या बोलीला हसलेलं माणूस कान उघडे ठेवायला शिकतं, असं त्या एकदा म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या, म्हणून मला जास्त लागलं.

त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. बाकं भिंतीला सरकवलेली. दोघादोघांना पाठीला पाठ लावून बसवायच्या. एकाच्या हातात चित्र, त्याने ते शब्दांत सांगायचं आणि दुसऱ्याने काढायचं. एकाने हत्ती सांगितला तर दुसऱ्याची रिक्षा निघाली. मग पुन्हा सांगायचं, कुठे चुकलं ते शोधायचं. एकदा सगळ्यांना मंडईत पाठवलं. कुठल्याही विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा आणि त्याचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकायचं. कल्याणी नावाची एक मुलगी सुरण विकणाऱ्या आजींकडे पाऊण तास उभी होती म्हणे. मी या सगळ्याला बालवाडी म्हणत असे, आणि गोंगाटाबद्दल दोनदा लेखी तक्रारही केली होती.

ऑगस्टमध्ये एक कंपनी आली. परदेशातल्या लोकांचे संगणक बिघडले की त्यांना फोनवरून मदत करायची, असं काम. पहिल्या फेरीत आमची नऊ मुलं निवडली गेली. कॉलेजच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. दुसरी फेरी फोनवर होती, पलीकडे अमेरिकेतला साहेब. त्यात नऊच्या नऊ पडली.

प्राचार्यांनी बाईंना बोलावलं, मलाही. कंपनी फेब्रुवारीत पुन्हा येणार होती. तेव्हाही कुणी लागलं नाही तर हे तास दामले सरांना परत, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी समाधान लपवायचे कष्ट घेतले नाहीत. बाईंच्या दृष्टीने हिशेब साधा होता. वर्षभर अर्ज करून एवढं एकच कॉलेज मिळालं होतं. ते गेलं की पुणं सुटलं आणि शिकवणंही सुटलं. त्या फक्त “बरं” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या नऊ जणांना ती मुलाखत जशीच्या तशी करून दाखवायला सांगितली. साहेब झालेला मुलगा कपाटामागे, कारण फोनवर तोंड दिसत नाही. मी त्यांच्या दारात उभा राहून मजा बघत होतो. पहिला आला समाधान घुले. जवळच्या मांजरी गावचा, घरी गुऱ्हाळ. माझ्या तासाला सगळ्यांत मोठ्याने “हो सर” म्हणणारा, म्हणून मी त्याला हुशार समजत असे. कपाटामागून प्रश्न आला, “यू डोन्ट हॅव एनी प्रॉब्लेम विथ नाइट शिफ्ट?”

समाधान म्हणाला, “येस सर.”

बाईंनी दुसऱ्याला उभं केलं. येस सर. तिसरी, चौथा, सगळे तेच. बाईंनी मग समाधानला मराठीत विचारलं, “तुला रात्रपाळीची काही अडचण नाही?”

“हो.”

“हो म्हणजे काय?”

“हो म्हंजे, न्हाई अडचण. गुऱ्हाळावर रातच्याला मीच तर असतोय.”

बाई फळ्याकडे वळल्या आणि ‘हो’ व ‘येस’ शेजारी शेजारी लिहिलं. मग त्यांनी समजावलं. आपलं ‘हो’ समोरच्या माणसाला असतं: तुम्ही म्हणता ते बरोबर. साहेबाचं ‘येस’ गोष्टीला असतं: अडचण आहे. आपल्या नऊ जणांनी, नऊ वेळा, अदबीने आणि हसतमुखाने, त्याला रात्रपाळीची अडचण असल्याचं सांगितलं होतं. वर्गात कुणी हसलं नाही. मीही हसलो नाही, कारण त्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

त्या दिवसापासून बाईंनी ‘हो’ आणि ‘नाही’वर बंदी घातली. नुसतं म्हणायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचं. जो चुकेल त्याने तेच वाक्य तीनदा म्हणायचं. फक्त इंग्रजीत नाही, मराठीतही, आणि वर्गाबाहेरही. जीभ घरच्या भाषेत वळली नाही तर परक्या भाषेत कुठून वळणार, असं त्यांचं म्हणणं. आठवड्याभरात कॉलेजला त्याची लागण झाली. कॅन्टीनमध्ये चहा देणारा पोपट विचारायचा, “साखर नको ना?” आणि पोरं दंडवत घातल्यासारखी सांगायची, “मला साखर हवी आहे.” शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळे बेजार.

मग गुरुवारी ती लागण माझ्या वर्गात आली. मी फळ्यावर एक गणित सोडवलं आणि रोजच्यासारखं म्हणालो, “समजलं ना?”

बावीस वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर आलं होतं, सगळ्यांचं, एका सुरात. त्या दिवशी कल्याणी उभी राहिली. “सर, मला दुसरी पायरी समजलेली नाही.” पाठोपाठ आणखी अकरा जण. शेवटी समाधान. “सर, मला हे जूनपासून समजलेलं नाही.”

माझं डोकं फिरलं. “जूनपासून काय झोपला होतास?”

“सर, मी झोपलो नव्हतो,” तो म्हणाला. त्याने वाक्य पूर्ण केलं. “मी हो म्हणत होतो.”

मी खडू ठेवला. त्या पोरावरचा राग गेला, स्वतःची लाज वाटली. इतक्या वर्षांत किती मुलं मला अशी हो म्हणून गेली असतील, त्याचं उत्तर कुठल्याच गणितात नव्हतं. मी फळा पुसला आणि जूनपासून सुरुवात केली. संध्याकाळी बाईंकडे जाऊन तक्रारीचे दोन्ही अर्ज मागे घेतो म्हणालो. त्या म्हणाल्या, अर्ज प्राचार्यांकडे आहेत, तिथून घ्या.

फेब्रुवारीत मुलाखती प्राचार्यांच्या खोलीत झाल्या. टेबलावर स्पीकरचा फोन, कोपऱ्यात देखरेखीला मी. बाईंना आत यायची परवानगी नव्हती. त्या बाहेर व्हरांड्यात उभ्या. समाधानची पाळी आली. साहेब बराच वेळ इकडचं तिकडचं विचारत राहिला आणि अचानक म्हणाला, “सो यू हॅव नो प्रॉब्लेम विथ नाइट्स?”

समाधानच्या ओठांवर ‘येस’ आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्याने श्वास घेतला. “आय हॅव नो प्रॉब्लेम, सर. आय कॅन वर्क अॅट नाइट.”

साहेब म्हणाला, तुला काही विचारायचं नसेलच. समाधानने पूर्ण वाक्यात सांगितलं, की मला एक प्रश्न विचारायचा आहे: तुमच्या गिऱ्हाइकांना कुठली अडचण नीट सांगताच येत नाही? पलीकडून हसू आलं. मग साहेब पाच मिनिटं बोलत होता आणि आमचं पोर एकदाही त्याला न तोडता ऐकत होतं. मांजरीच्या पोराला अमेरिकेचा साहेब आपलं गाऱ्हाणं सांगतोय, हे ऐकून माझी छाती उगाचच फुगली.

नऊपैकी आठ जण लागले. समाधानच्या वडिलांनी गुळाची अख्खी ढेप आणून स्टाफरूमच्या टेबलावर ठेवली आणि बाईंना वाकून नमस्कार करायला लागले. बाईंनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं, आणि मग मात्र बाईंचेच डोळे भरून आले. दोन दिवस आम्ही चहात गूळ घालून प्यालो.

पुढे बाई कायम झाल्या, विभागप्रमुखही झाल्या. ते सगळं कॉलेजच्या कागदांत आहे. माझ्या लक्षात राहिली ती त्या मार्चमधली सभा. नव्या वर्षाचं वेळापत्रक ठरत होतं. प्राचार्यांनी मला विचारलं, “दामले सर, ते दोन तास परत नकोत ना तुम्हाला?”

मी उभा राहिलो. “मला ते तास परत नकोत. माझा शुक्रवारचा तासही गजभियेबाईंना द्यावा, अशी माझी विनंती आहे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर, शांतपणे म्हणाल्या, “मला सरांचा शुक्रवारचा तास नको. त्यांचं गणित मुलांना आत्ता कुठे समजायला लागलं आहे.”